ईश्वरीला जमिनीवर कोण ठेवणार

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी कुलदीपचे दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात होते. मेथीची जुडी बुडख्याकडून धरायची, पाण्यात दोनदा आपटायची, मुळांची काळी माती सुटली की निथळायला उभी ठेवायची. जानेवारीत बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं. हात पाण्यात आहेत तोवर बरं वाटतं. बाहेर काढले की बोटं वळत नाहीत. हौदाजवळच, बल्बखाली, त्याची दहा महिन्यांची मुलगी ईश्वरी कॅरेटमध्ये बसली होती. बाजारात टमाटे ज्यात भरून येतात, तोच हा प्लास्टिकचा जाळीदार डबा. तळाला दुमडलेलं पोतं, त्यावर आजीचं जुनं लुगडं. डोक्याला कानटोपी. ती रडत नव्हती. ही पोरगी रडत नाही, असं गावात तिच्याबद्दल सांगितलं जायचं.

गाव नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. एका बाजूला कपड्यांच्या युनिटांचे निळे पत्रे दिसतात, दुसऱ्या बाजूला मेथी, पालक आणि सांबार. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात. मळा नत्थुजींचा, म्हणजे कुलदीपच्या वडिलांचा. धुतलेल्या जुड्या घेऊन ते सहाच्या मालवाहू ऑटोनं अमरावतीच्या भाजीबाजारात जातात. कुलदीपची बायको आचल साडेसहाच्या बसनं वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाच्या युनिटला जाते आणि दिवसभर शर्टांच्या कॉलर शिवते. घरी राहतात कुलदीप, त्याची आई मैनाबाई आणि ईश्वरी. मैनाबाईंचे गुडघे गेलेले. त्या एकदा बसल्या की उठायला कुणाचा तरी हात लागतो. त्यामुळे मळा आणि मुलगी दोन्ही कुलदीपकडे.

आचलनं काम धरलं तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. त्याआधी या घरात महिन्याच्या महिन्याला पगार कुणाचाच आला नव्हता. सुपरवायझरनं आचलला सांगून ठेवलं होतं की एप्रिलमध्ये काही जणींना कायम करणार, आणि ज्यांच्या दांड्या कमी त्यांची नावं आधी जाणार. हे तिनं घरात एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या लक्षात होतं.

कॅरेटची युक्ती कुलदीपची. हौदाला कठडा नाही. अंगण ओलं असतं, मुंग्या असतात, पालापाचोळ्यात विंचू निघतो. कॅरेटमध्ये पोरगी बसली की हात मोकळे. शिवाय कॅरेट उचलून कुठंही नेता येते. सकाळी हौदापाशी, नंतर बांधावर, दुपारी जुड्या बांधताना ओसरीत. आल्यागेल्यांना ही सोय आवडायची. शेजारच्या मळ्यातल्या बायका म्हणायच्या, बापानं पोट्टीले बरोबर पॅक करून ठेवलं.

तिच्याकडे बघायला कुलदीपला वेळ असा नव्हताच. पण ती दिवसभर नजरेच्या टप्प्यात असायची, त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्याला कळल्या. आठव्या महिन्यात ती अंगठा आणि पहिलं बोट जुळवून मेथीचं एकच पान उचलू लागली. पालक ती फाडते आणि टाकते. सांबार तोंडात घालते. भरलेला ऑटो आणि रिकामा ऑटो तिला आवाजावरून कळतो. रिकामा आला की आजोबा उतरणार, म्हणून ती कॅरेटच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून मान फाटकाकडे वळवते. जुड्या बांधायचे रबर तिच्या हाती लागू द्यायचे नाहीत, हे एकदा तिच्या तोंडातून रबर काढल्यावर त्याला समजलं. ती अकराच्या सुमाराला पेंगते. झोपली नाही तर संध्याकाळपर्यंत कुणाचंच खरं नसतं.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. ती दुसऱ्यांच्या लक्षात आली, तीही सगळ्यांसमोर.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मैनाबाईंनी नातीचं बोरन्हाण केलं. आचलला सुटी असावी म्हणून रविवार धरला. गल्लीतली पाच-सहा लेकरं बोलावली, ईश्वरीला काळा फ्रॉक घातला, हलव्याचे दागिने घातले. पाटावर बसवून बायकांनी तिच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं ओतली. बाकीची लेकरं तुटून पडली. शेजारचं आठ महिन्यांचं पोरगं रांगत आलं, ईश्वरीच्या पायांवरून गेलं, तिच्या मांडीवरचं चॉकलेट उचललं आणि कागदासकट तोंडात घातलं. ईश्वरीनं ते जाताना पाहिलं. मग मांडीवर उरलेले मुरमुरे ती एकेक करून उचलत राहिली.

“मैनाबाई, तुमची नात तं लयच गरीब हाय वो,” एक बाई म्हणाली. “बसवली तिथंच बसली.”

“मारुतीसारखी,” दुसरी म्हणाली. “आता शेंदूर लावाचा राहिला फक्त.”

बायका हसल्या. मैनाबाईही हसल्या. त्या संध्याकाळी त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

दोनच दिवसांनी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली मेथी धुतली त्याच मंगळवारी, अंगणवाडीच्या साधनाताई वजन करायला आल्या. वजन चांगलं भरलं. त्यांनी मुलीला झोळीतून काढून ओसरीत खाली ठेवलं आणि थोड्या अंतरावर डब्याचं झाकण ठेवलं. ईश्वरी झाकणाकडे वाकली. हात पुरला नाही. ती सरळ झाली, झाकणाकडे पाहिलं, मग कुलदीपकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

“रांगत नाई का हे, दादा?”

“रांगल ना. घाई कायची हाय?”

“पालथी पडते का?”

“पयले पडे. आता बसते.”

साधनाताईंनी तिला पोटावर ठेवलं. गावभर न रडणारी म्हणून सांगितली जाणारी पोरगी अशी ओरडली की मैनाबाई आतून भिंतीला धरत बाहेर आल्या. कुलदीपनं तिला उचलून घेतलं. ती लगेच गप्प झाली.

“अमरावतीले दाखवून आना,” साधनाताई म्हणाल्या. “मोठं काई नसल. पन दाखवा.”

संध्याकाळी आचल आली. तिनं नेहमीप्रमाणे हातपाय धुतले आणि पहिलं काम म्हणून मुलीला मांडीवर घेतलं. भात होईपर्यंत, जेवताना, भांडी होईपर्यंत मुलगी तिच्या कडेवर किंवा मांडीवर असते. दिवसभर दिसत नाही, मग खाली कोण ठेवणार. कुलदीपनं साधनाताई काय म्हणाल्या ते सांगितलं. आचलनं मुलीचे दोन्ही पाय हातात घेऊन पाहिले. पाय भरलेले होते, गरम होते. त्यांच्याकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं.

“मायचं दूध तुटलं सहाव्या महिन्यात,” मैनाबाई चुलीकडे बघत म्हणाल्या. “पायात जोर येईन कुठून?”

“दूध कुठं तुटलं, आई? सकाळ-संध्याकाळ पाजूनच राहिली ना मी.”

“सकाळ-संध्याकाळ. ते का डब्बा हाय का?”

नत्थुजी जेवत होते. त्यांनी ठेचा मागून घेतला.

“होळीपर्यंत पाहू,” मैनाबाई म्हणाल्या. “पोट्टी उठली तं उठली. नाई उठली तं तू काम सोड. मशीन का पळून चालली कुठं?”

मशीन पळून जाणार नव्हती हे खरं. त्या मशीनवर दुसरी कुणी बसणार होती. कुलदीपनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि उद्याच्या पालकाची गोष्ट काढली. नत्थुजींनी त्यावर मात्र लगेच उत्तर दिलं.

आचलचं माहेर तेल्हाऱ्याकडचं, कपाशीवाल्यांचं. तिची आई पार्बताबाई फोनवर म्हणाली, “तिले इकडे आनून टाक. मातीत सोडली का आठ दिवसात पळते. तू कशी वाढली? कपाशीच्या तासात, मातीत लोळून वाढली.”

फोन स्पीकरवर होता. मैनाबाई आतून म्हणाल्या, “आमच्या घरी का माती नाई म्हना? भेटते. पन आमी लेकरू मातीत टाकत नाई.”

दवाखान्यासाठी आचलनं गुरुवारची रजा काढली. सुपरवायझरनं हिंदीत सांगितलं, जाओ, पर संडे को भर देना. रजेच्या बदल्यात एक रविवार. कोणता, ते काम बघून सांगणार होते. आचल हो म्हणाली.

अमरावतीला तिघं गेली: आचल, कुलदीप आणि मैनाबाई. गुडघ्यांमुळे मैनाबाईंनी येऊ नये असं कुलदीपचं म्हणणं होतं. मैनाबाईंचं म्हणणं होतं की डॉक्टर काय म्हणतो ते तुमी मले अर्धंच सांगता. रांग मोठी होती. ईश्वरी आळीपाळीनं तिघांच्या मांडीवर बसून राहिली. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, किती शाणी पोरगी हाय. तिघांपैकी कुणी हसलं नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मुलीचे पाय दुमडून पाहिले, पसरून पाहिले, कमरेशी धरून उभं करून पाहिलं. मग जमिनीवरच्या गादीवर बसवलं आणि एक लाल चेंडू सरकवला. ईश्वरी वाकली, हात पुरला नाही, हात वर केले. डॉक्टरांनी तिला पोटावर ठेवलं. ती ओरडली. कुलदीप उठला. डॉक्टर म्हणाल्या, “थांबा. तिला काही होत नाही.” तो अर्धवट उठलेला तसाच राहिला.

“दिवसभर कुठं असते?”

“माझ्यापाशी,” कुलदीप म्हणाला.

“तुमच्यापाशी म्हणजे कुठं?”

“कॅरेटमधी.”

डॉक्टरांना कळलं नाही. कुलदीपनं हातांनी लांबी-रुंदी दाखवली. “टमाट्याची कॅरेट असते ना, मॅडम. अंदर पोतं टाकतो. हौदावर काम असते. हौदाले कठडा नाई.”

“किती वेळ?”

“काम चालू हाय तोवर.”

“काम कधी थांबतं?”

कुलदीपनं विचार केला. “दुपारी जेवाले.”

“आणि संध्याकाळी?”

“माझ्याजवळ असते,” आचल म्हणाली. “मांडीवर. मला दिवसभर दिसत नाही ती.”

“झोपते कुठं?”

“झोयीत,” मैनाबाई म्हणाल्या. “दुपारी बी अन् रात्री बी. मी हालवतो ना.”

“मग जमिनीवर कधी असते?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्या दोघांपैकी कुणाच्या तरी वेळेत ती जमिनीवर असणार.

“जमिनीवर काहून ठेवाव?” मैनाबाई म्हणाल्या. “वल्ली असते. मुंग्या हायेत. इच्चू निंगते. हौद हाय.” यातलं काहीच खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडं होतं. पायात दोष नाही. कमरेत नाही. बोटांचं काम वयाच्या पुढं आहे. पण हालायला जागा मिळाली नाही, म्हणून हालत नाही. दिवसातून तीन-चार वेळा कोरड्या जमिनीवर मोकळी सोडा. समोर कुणीतरी बसा. रडली की लगेच उचलू नका. महिन्यानं आणा.

“अन् दवाई?” मैनाबाईंनी विचारलं.

“औषध नाही.”

“मालिशचं तेल?”

“हवं तर लावा. तेलानं रांगणार नाही.”

“टॉनिक तरी लिहून द्या, मॅडम. एवढ्या दुरून आलो.”

डॉक्टरांनी टॉनिक लिहिलं नाही. मैनाबाईंचं त्यांच्याबद्दलचं मत तिथंच ठरलं, आणि परतीच्या ऑटोत त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मुलीच्या पायात दोष नाही हे ऐकून कुणाला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. औषधाची बाटली मिळाली असती तर ती तिघांपैकी कुणीही पाजली असती. आता कुणाला तरी रोज हात रिकामे ठेवून मुलीसमोर बसायचं होतं, आणि या घरात दिवसाउजेडी रिकामे हात कुणाचेच नव्हते. ऑटोत आचल बाहेर बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं ते कुलदीपच्याही आलं होतं. होळीची मुदत आता दुधावर नव्हती, जमिनीवर होती. पण मुदत तीच होती, आणि तिचं पुढचं टोक आचलच्या कामाशीच बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुलदीपनं समोरची खोली रिकामी करायला घेतली. फवारणीचा पंप, खताची पोती, बाजारातून परत आलेल्या कॅरेटी, तुटका कूलर. निम्मं ओसरीत गेलं, निम्मं भिंतीला लावलं. फरशी पुसली, सतरंजी टाकली, मुलीला मधोमध बसवलं आणि समोर मांडी घालून बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला. असं समोरासमोर, मध्ये काही काम नसताना, ती दोघं याआधी कधी बसली नव्हती. तिनं हात वर केले. त्यानं उचललं नाही. तिनं ओठ काढले. एवढ्यात नत्थुजींचा बाजारातून फोन आला: उद्या पालक जास्त लागणार. फोन ठेवतो न ठेवतो तोच तीन फेजची लाइट आली. लाइट आली की मोटार सुरू करून पाणी वळवावं लागतं. उशीर झाला की एक वाफा भरून वाहतो आणि बाकीचे कोरडे राहतात. कुलदीपनं मुलीला उचललं, कॅरेटमध्ये ठेवलं आणि बांधावर नेलं.

शनिवारी मैनाबाई म्हणाल्या, मी बसतो. त्या सतरंजीच्या कडेला पाय लांब करून बसल्या, दाराकडची बाजू पायानं अडवून. मुलगी रडू लागली. मैनाबाईंना उठता येईना, ऐकवेना. त्यांनी तिला ओढून मांडीवर घेतलं आणि कुलदीप पाण्याकडून येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

“ते डाक्टरीन म्हंते रडू द्या. तिचं लेकरू असल का?”

त्या दिवशी जेवताना कुलदीप म्हणाला, “निम्मी मेथी बंद करू.”

नत्थुजींनी घास खाली ठेवला.

“दुपारभर जुड्या बांधाव लागतात,” कुलदीप म्हणाला. “वांगे लावू. वांग्याच्या जुड्या नाई बांधाव लागत. तोडले, भरले, झालं.”

“मेथी बंद करतं?”

“निम्मी.”

“बाजारात हर्रास होते, बोली लागते तवा अडत्या मायी मेथी आल्याबिगर आवाज लावत नाई. तुले माहीत हाय का?”

“माहीत हाय, बाबा.”

“मग? पोट्टी रांगत नाई म्हनून मेथी बंद. उद्या बोलत नाई म्हनून पालक बंद करजो.”

मैनाबाई म्हणाल्या की साधी गोष्ट आहे, होळीची वाट कायले पाहाची, आचलनं सोमवारपासून घरी राहावं. नत्थुजी त्यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मेथी वाचत असेल तर त्यांना काहीही चालणार होतं.

आचलनं मुलीच्या तोंडाला लागलेला भात पुसला आणि ती म्हणाली, “जुड्या संध्याकायी बांधू. मी हाय ना बांधाले.”

“दिवसभर मशीनवर बसून येतं,” कुलदीप म्हणाला.

“जुड्याबी बसूनच बांधाच्या हायेत.”

“पाठ?”

“पाठ माही हाय.”

ठरलं ते असं. नत्थुजी बाजारातून आल्यावर दुपारी भाजी उपटून ठेवतील. जुड्या संध्याकाळी, आचल आल्यावर, सगळे मिळून समोरच्या खोलीत बांधतील. कुलदीपची दुपार रिकामी होईल आणि ती मुलीची. सकाळच्या धुण्याला पर्याय नव्हता, त्यामुळे सकाळची कॅरेट राहिली. नत्थुजींनी मेथीचा एक वाफाही कमी केला नाही.

संध्याकाळी खोलीच्या एका बाजूला ओल्या गोणपाटावर मेथीचा, पालकाचा आणि सांबाराचा ढीग असतो. दुसऱ्या बाजूला सतरंजी. चार माणसं भिंतीला टेकून, पाय पसरून जुड्या बांधतात. मूठभर काड्या, बुडखे एका रेषेत, रबराचे दोन वेढे. आचलचा हात सासऱ्यापेक्षा सैल. तिच्या जुड्या नत्थुजी उचलून पुन्हा बांधतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणं आचलला ऐकू येतं. दिवसभर कॉलरच्या टोकाकडे बघून तिचे डोळे चुरचुरत असतात. मशीनवर डावा खांदा दुखतो, इथं उजवा.

पहिले काही दिवस ईश्वरी रडली. तिला उचलायचं नाही असं ठरलं होतं आणि ते सगळ्यात अवघड आचलला होतं. बारा तासांनी घरी येऊन हाताशी असलेलं लेकरू उचलायचं नाही. ती मान खाली घालून बांधत राहायची. मैनाबाई मात्र मध्येच म्हणायच्या, “मले पाह्यल्या जात नाई,” आणि कुलदीपचा हात धरून उठून स्वयंपाकघरात जायच्या. नत्थुजी म्हणायचे, “रडू दे. आवाज तं चांगला हाय.”

दुसऱ्या आठवड्यात रडणं कमी झालं. ती बसायची, झाकण आपटायची, यांच्याकडे बघायची. कुणी बघत नाही असं दिसलं की आणखी आपटायची.

मग एका बुधवारी आचलनं रबरांची पिशवी घ्यायला मान वर केली आणि तिला मुलगी ठेवली तिथं दिसली नाही. सतरंजी रिकामी होती. ईश्वरी गोणपाटाच्या कडेला, सांबाराच्या ढिगाजवळ बसली होती आणि दोन्ही मुठींनी पानं तोंडात घालत होती.

“इले इथं कोनं ठेवलं?”

“मी नाई,” कुलदीप म्हणाला.

“बाबा, तुमी?”

“मी काहून ठेवीन? माया हातात काम हाय.”

“आई?”

मैनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मी तं इथं हावो. मले नका इचारू.”

“तूच ठेवली असशीन,” कुलदीप आचलला म्हणाला. “झोपीत बांधून राहिली होती तू.”

“झोपीत बांधतो तरी उचलत नाई मी.”

सतरंजीची एक कड आत दुमडली गेली होती. तिच्यापासून गोणपाटापर्यंत फरशीवर एक ओला पट्टा उमटला होता. मुलीची चड्डी ओली होती. नत्थुजींनी वाकून तो पट्टा पाहिला, वाफ्यातलं पाणी कुठून फुटलं ते बघतात तसा. “आली,” ते म्हणाले. “आपली आपण आली.”

चार मोठी माणसं घरात होती, तीन त्याच खोलीत, आणि कुणीही पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला पुन्हा सतरंजीवर ठेवलं. मैनाबाईंना हात देऊन बाहेर आणलं. सगळे बघत बसले. ईश्वरी सगळ्यांकडे बघत बसली. आचलनं सांबाराची जुडी दाखवली. कुलदीपनं मोबाइल वाजवला. ती हलली नाही. थोड्या वेळानं नत्थुजी म्हणाले, “पालक तसाच पडला हाय,” आणि सगळे पुन्हा जुड्यांकडे वळले.

कुलदीपनं ते पाहिलं शुक्रवारी दुपारी. ती गुडघ्यांवर रांगत नव्हती. एक पाय दुमडलेला, एक पुढं पसरलेला, डाव्या हाताचा तळवा फरशीवर रोवायचा आणि बूड ओढायचं. आधी ती मागं गेली. मागं भिंत लागली तेव्हा रागावली. मग वळून पुढं आली. तिला जायचं होतं पंपाकडे. फवारणीचा पंप त्यानं भिंतीला लावून ठेवला होता, त्याच्या नळीपर्यंत ती पोचली तेव्हा तो उठला आणि पंप माळ्यावर टाकला. मग खत. मग कूलर. तासाभरात त्याच्या लक्षात आलं की आतापर्यंत तिला हलवायला बसायचं होतं. आता ती हलते म्हणून बसावं लागणार. आधी निदान लाइट आली की उठता येत होतं.

“हे का रांगनं होय?” मैनाबाईंनी विचारलं. “फरशी पुसून राहिली ते.”

साधनाताईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “काई पोरं अशीच जातात. जाऊ द्या. उभं राहाले काई तरी धराले द्या.”

आचलला युनिटमध्ये फोन जवळ ठेवता येत नाही. तिला संध्याकाळी, चपला काढता काढता कळलं. ती दारातच थांबली.

“कोन्या हातानं रेटते?”

“डाव्या.”

“उजवा का करते?”

“उजव्यात झाकण होतं.”

“झाकण नसताना?”

आचलनं हातपाय धुतले, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि मुलीला उचललं नाही. मुलीनं हात वर केले. आचलनं आपले हात मांडीवर ठेवले. मग मुलगी वळली आणि बूड ओढत आईकडे न जाता मेथीकडे गेली. आचलनं पाहिलं: झाकण नसतानाही उजवा हात ती वापरत नव्हती, फक्त वळताना टेकवत होती. दवाखान्यात हे विचारायचं, असं ती कुलदीपला म्हणाली. मग जुड्या बांधायला बसली.

मैनाबाईंनी होळीची मुदत मागं घेतलेली नाही. पण या आठवड्यात त्यांनी कामाचा विषय काढला नाही, आणि त्यांनी तो काढला नाही हे आचलनं मोजून ठेवलं आहे. ईश्वरी अजून धरून उभी राहत नाही. पुन्हा दाखवायची तारीख फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. त्या दिवसाची रजा अजून मागितलेली नाही.

आधीच्या रजेचा रविवार मात्र ठरला आहे. तो उद्याचा. रविवारी युनिटची बस येत नाही, त्यामुळे आचल उद्या सासऱ्यांबरोबर मालवाहू ऑटोत, जुड्यांच्या मागं बसून हायवेच्या फाट्यापर्यंत जाईल आणि तिथून युनिटपर्यंत चालत. ऑटो सहाला निघतो.